स्मृतिभ्रंश आणि तुटलेले येणे-जाणे



आपल्या गणेशोत्सवात पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या असतात. त्यातल्या काही खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या की आपण धरून चालतो, गुडघे दुखत असतील किंवा मुलाकडे पुण्याला गेले असतील. कधी ते खरेही असते. पण धार आणि देवास या दोन्ही गावांत मला अशी घरे माहीत आहेत, जिथला माणूस गावातच आहे, चांगला चालता-फिरता आहे आणि तरीही दोन-दोन वर्षे कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. त्याच्याबरोबर त्याची बायको किंवा सूनही दिसेनाशी झालेली असते. चौकशी केली तर उत्तर येते, "हल्ली बरं नसतं त्यांना." पुढे कोणी विचारत नाही, आणि घरचेही सांगत नाहीत.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मात्र काही वर्षांपासून या विषयावर मिळेल ते वाचतो आहे, डॉक्टरांना शंका विचारतो आहे आणि अशा दोन-तीन घरांत नियमाने जाऊन बसतो आहे. त्यातून जे कळले ते सभासदांसमोर ठेवतो.

आपल्याकडे या आजाराला फार दिवस आजार म्हटलेच गेले नाही. ‘म्हातारचळ’ म्हणायचे, नाहीतर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसायचे. वयाबरोबर थोडे विसरणे स्वाभाविक आहे. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. हातात चष्मा आहे आणि तो कशासाठी असतो ते कळेनासे होणे, रोजच्या रस्त्यावरून घर न सापडणे, चहा करण्याचा क्रम चुकणे, ही वेगळी गोष्ट. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे एका रोगाचे नाव नसून अनेक कारणांनी होणाऱ्या लक्षणसमूहाचे नाव आहे. त्यातले सर्वांत मोठे कारण अल्झायमर. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली आपल्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत वैद्यकीय सभेत मांडली, तेव्हापासून त्याची शास्त्रीय ओळख आहे. दुसरे मोठे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान. रक्तदाब आणि मधुमेह सांभाळायचा तो यासाठीही.

आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के निघाले, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आहे. हिशेबाची सवय असल्यामुळे मी लगेच आपल्या यादीकडे वळलो. साठीपुढचे शंभर सभासद असतील तर त्यात सात जण. मग आपल्याला सात नावे का सांगता येत नाहीत? माझ्या मते याचे उत्तर त्या रिकाम्या खुर्च्यांत आहे.

एकटेपणाचा आणि या आजाराचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली, टाळता येण्यासारखी चौदा कारणे मोजून दाखवली. ती सगळी दूर करता आली तर जगातील जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात उतारवयातल्या सामाजिक एकाकीपणाचा वाटा 5 टक्के धरला आहे, आणि मध्यम वयापासूनच्या बहिरेपणाचा 7 टक्के. बहिरेपणाही एक प्रकारचा एकांतवासच आहे. ज्याला ऐकू येत नाही तो चारचौघांत बसून एकटा असतो. हळूहळू तो बसायचेच सोडून देतो. आपल्याकडे चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण कानाचे यंत्र कपाटात पडून राहते.

आता उलट बाजू. मेंदूत बिघाड सुरू झाला की माणूस स्वतःहून मागे सरू लागतो. नावे आठवत नाहीत, बोलण्याचा धागा सुटतो, आपण चुकतोय हे त्याला सुरुवातीच्या काळात चांगले समजत असते. त्यामुळे तो भजनाला जाणे टाळतो, पत्त्यांचा डाव सोडतो. म्हणजे एकटेपणा आधी की आजार आधी, हे दर वेळी नक्की सांगता येत नाही, संशोधकही तसे सांगत नाहीत. पण एकदा चक्र सुरू झाले की ते कसे फिरते हे घरोघर दिसते. बोलणे कमी झाले की शब्द आणखी हरवतात. दिवसभर एका खोलीत बसले की वार-तारीख-वेळ यांचा आधार जातो, दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण सुरू होते. मन उदास होते, आणि उदासीनतेने उरलीसुरली स्मरणशक्तीही मंदावते. आजारात जे गेले ते परत येत नाही, पण एकटेपणामुळे वरून जे जाते त्यातले बरेच राखता येते.

या ठिकाणी एक महत्त्वाची सूचना. विसरणे वाढले की आधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांमुळेही माणूस असाच दिसू लागतो आणि त्यावर उपाय आहेत. आपण शाकाहारी मंडळी बी-12 च्या बाबतीत आधीच कच्ची असतो. इंदूर काही लांब नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यासारख्या परमुलखात स्थायिक झालेल्या समाजाला ते लागू आहे. पवारांबरोबर अठराव्या शतकात आपली घराणी माळव्यात आली आणि आपण दोन भाषांत वाढलो. घरात मराठी, ओट्याच्या खाली उतरले की हिंदी नाहीतर माळवी. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 साली दाखवले, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. हे आपल्या जमेच्या बाजूला.

पण आजार आल्यावर नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. इथे जन्मलेल्यांना बालपणापासून दोन्ही येतात, त्यांचे एक वेळ निभते. लग्न होऊन सांगली-साताऱ्याकडून किंवा विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या आज्या-काकू हिंदी शिकल्या त्या विशीनंतर. आज त्यांना सांभाळायला येणारी बाई हिंदी बोलते. नातवंडे तर घरातही हिंदीच बोलतात. आता त्याला काय करणार! अशा एका काकू दिवसभर गप्प असतात आणि ‘बोलणं बंद झालंय’ असे घरचे सांगतात. मी त्यांना मराठीत विचारले, "काकू, आज भाजी कसली?" तर त्या मेथीवरून थेट माहेरच्या परसात पोचल्या आणि पंधरा मिनिटे बोलत होत्या. निम्मे जुळत नव्हते, पण बोलत होत्या. धार-देवासमध्ये त्यांच्याशी मराठी बोलणारे माणूस घरात पाठवणे हे काम बाहेरचा कोणी करणार नाही.

माणसे येईनाशी का होतात

दुष्टपणाने कोणी यायचे थांबत नाही. आपल्याला काय बोलावे ते कळत नाही. त्यांनी ओळखले नाही तर मन खट्टू होते. एक-दोनदा तेच तेच ऐकून झाले की पाय आपोआप दुसरीकडे वळतो.

घरच्यांचीही कारणे असतात. नात लग्नाची आहे, ‘घरात वेड आहे’ असा बोभाटा नको. वडील पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना असे कोणी पाहू नये. यातला संकोच मी समजू शकतो. मुंबईत 1967 साली स. का. पाटलांना हरवणारे, 1974 साली सारी रेल्वे थांबवणारे जॉर्ज फर्नांडिस अल्झायमरने ग्रासले गेले आणि जानेवारी 2019 मध्ये गेले, त्याआधीची कितीतरी वर्षे ते लोकांना दिसलेच नव्हते. त्यांना कोणी भेटावे, हा प्रश्न 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपल्या घरांत प्रकरण कोर्टात जात नाही. आपल्याकडे फक्त भाऊबंदांचे येणे थांबते.

आणि ते थांबण्याचे एक कारण फार नाजूक आहे. या आजारात संशय हे नेहमीचे लक्षण आहे. वस्तू स्वतः कुठेतरी ठेवली जाते, ठेवल्याचे आठवत नाही, मग ती चोरीला गेली असे वाटते. चोर कोण? जी व्यक्ती चोवीस तास जवळ असते ती. म्हणजे सून, मुलगी, नाहीतर बायको. सासूबाई आलेल्या पाहुण्याच्या कानात सांगतात, "ही मला जेवायला देत नाही, माझ्या पाटल्या घेतल्या." आणि अर्ध्या तासापूर्वी जेवण झालेले असते. पाहुणा घरी जाऊन ते चार जणांना सांगतो. पुढच्या हळदीकुंकवाला त्या सुनेकडे बायका वेगळ्या नजरेने पाहतात. ती पुढच्या वर्षी येत नाही.

बँकेच्या काउंटरवर हे मी पुष्कळ पाहिले. पेन्शनर काका सकाळी पासबुक भरून नेतात, दुपारी पुन्हा येतात आणि म्हणतात मुलाने पैसे काढले. सही बदलत जाते, मग आडनाव निम्मेच येते. खरेच मुलाने पैसे काढले असेही कधी असते, म्हणून अशी तक्रार झटकून टाकू नये, व्यवहार तपासून पाहावा. पण तपासल्याशिवाय गावभर सांगूही नये. आजाराच्या सुरुवातीलाच, माणसाला समजते आहे तोवर, खाते संयुक्त करून घ्यावे आणि वारस-नोंदणी पाहून घ्यावी. पुष्कळांना वाटते मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यार नेमणाऱ्याची बुद्धी जाग्यावर राहिली नाही की मुखत्यारी संपते. ऐन गरजेच्या वेळी तो कागद लंगडा पडतो.

जाता जाता : पेन्शनसाठी महिन्यातून एकदा बँकेत येणे ही ज्येष्ठांची एक सामाजिक भेट होती. बाकावर बसून चार ओळखी निघत. एटीएम आणि मोबाइलने सोय झाली यात शंका नाही, पण तो बाक गेला.

सांभाळणाऱ्याचे काय

आपण रुग्णाची चौकशी करतो. सांभाळणारीची करत नाही. मुद्दाम ‘सांभाळणारी’ लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या सेवेचे 70 टक्के तास स्त्रिया देतात. घरचे माणूस सरासरी दिवसाला पाच तास या कामात असते, असे त्याच संघटनेने 2019 च्या स्थितीबद्दल म्हटले आहे. ज्या घरांत मी जातो तिथे पाच हा आकडा ऐकून हसतील. रात्री तीन वाजता उठून "मला घरी जायचंय" म्हणून दाराची कडी काढणाऱ्या माणसाचे तास कसे मोजणार? तो माणूस बहुधा आपल्या लहानपणचे घर शोधत असतो. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या देवासकरांचा जन्म संस्थानी काळातला, थोरली पाती आणि धाकटी पाती असताना. ते देवासच आता कुठे आहे?

झोप नाही, स्वतःचा रक्तदाब तपासायला सवड नाही. लग्नाला जायचे तर यांना कुठे ठेवायचे. बरोबर नेले तर तिथे ते घाबरतात. म्हणून ती जात नाही. दोन-तीन वेळा नाही म्हटले की बोलावणे येत नाही. नवरा समोर बसलेला असतो आणि चाळीस वर्षे ज्याच्याशी बोलले तो माणूस मात्र नसतो. गेलेल्यासाठी रडता येते, लोक भेटायला येतात, तेरा दिवस घर भरलेले असते. या दुःखाला आपल्याकडे कोणताही विधी नाही.

अशा माणसांत नैराश्याचे प्रमाण मोठे असते आणि त्याचा परिणाम पुन्हा रुग्णावर होतो. थकलेले माणूस ओरडते, रुग्णाला शब्द कळत नाहीत पण आवाजाची धार कळते, तो आणखी बिथरतो. मेरी मिटलमन यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला एक अभ्यास मला फार बोलका वाटला. रुग्णाच्या जोडीदाराला काही समुपदेशन दिले, इतर नातेवाइकांनाही त्या बैठकांत बसवले, समदुःखी लोकांचा गट जोडून दिला आणि अडले की फोन करायची सोय ठेवली. रुग्णाच्या औषधात बदल नव्हता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्या घरच्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. आपल्याकडे शुश्रूषागृहे नाहीतच म्हणा. तरी सांभाळणाऱ्याच्या पाठीशी माणसे असली की घर किती काळ तग धरते, ते यातून समजते.

जपानमध्ये 2005 पासून सामान्य नागरिकांना दीड तासाचे प्रशिक्षण देतात. दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुले. हा आजार काय आहे आणि असा माणूस रस्त्यात भेटला तर कसे वागावे, एवढेच त्यात असते. एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. त्याआधी, 2004 साली, त्यांनी या आजाराचे जुने अपमानास्पद नावही बदलून टाकले. आपल्या गावांत हे सोपे आहे. चौकातला पोहेवाला, किराणावाला, देवळातले गुरुजी, रिक्षावाले सगळे ओळखीचे. त्यांना एकदा सांगून ठेवले आणि खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवली, तर माणूस भरकटला तरी सापडतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. मुलीला आपले पूर्वीचे वडील हवे असतात. माहुताच्या बायकोने त्यांना पूर्वी पाहिलेलेच नसते, त्यामुळे समोर आहे त्या माणसाशी तिचे सहज जमते. आपल्या घरांतही कधीकधी नव्या पाहुण्याचे जुन्या मित्रापेक्षा बरे जमते, ते यामुळेच.

देवासकरांना आणखी एक उदाहरण जवळचे. कुमार गंधर्व 1948 साली इथे आले ते क्षयाने आजारी म्हणून, गाणे बंद. क्षयाच्या घरी पाणी प्यायलाही लोक बिचकत तो काळ. भानुमतीताईंनी नोकरी सांभाळून त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानावर बाहेरून येणारी माळव्याची लोकगीते पडत राहिली, आणि त्यातून पुढे काय उभे राहिले ते सर्वांना माहीत आहे. आजार वेगळा, माणूसही असामान्य, तुलना करायची नाही. पण आजाऱ्याच्या खोलीत बाहेरचा आवाज येत राहिला पाहिजे, हे त्या घराच्या बाबतीत आपण अभिमानाने सांगतो, तर शेजारच्या घराच्या बाबतीतही लक्षात ठेवायला हरकत नाही.

भेटायला जाताना

"मला ओळखलंत का?" हा प्रश्न विचारू नये. ती परीक्षा असते आणि त्यात ते नापास होणार हे दोघांनाही माहीत असते. समोर बसून आपले नाव सांगावे, "काका, मी अमक्याचा मुलगा, आपल्या गल्लीतला." एका वेळी एकच छोटे वाक्य. उत्तराला वेळ लागतो, तेवढा द्यावा. चूक बोलले तर दुरुस्त करू नये. गेलेल्या भावाची वाट पाहत असतील तर तो गेल्याची बातमी रोज नव्याने देण्यात काय हशील? त्या भावाबद्दलच विचारावे. एका वेळी दोघांनीच जावे, सकाळी किंवा दुपारी. दिवेलागणीला पुष्कळांची घालमेल वाढते.

हाताला काम द्यावे. मटार सोलणे, फुलवाती वळणे, कपड्यांच्या घड्या. लहानपणी पाठ केलेले फार शेवटपर्यंत टिकते; जेवलो की नाही ते न आठवणारे आजोबा रामरक्षा न अडखळता म्हणतात. सुरुवात आपण करून द्यायची. टाळ दिले तर ठेका चुकत नाही.

सांभाळणारीला "काही लागलं तर सांगा" असे म्हणू नये. बँकेच्या भाषेत तो तारीख न टाकलेला चेक आहे, वटत नाही. "बुधवारी दोन ते पाच मी येऊन बसते, तुम्ही बाहेर जाऊन या" असे म्हणावे आणि बुधवारी जावे. पहिल्या दोन खेपांना ती घराबाहेर पडणार नाही, तिथेच बसून राहील. तिसऱ्या खेपेला पडते. परदेशातल्या मुलांनी रुग्णाशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा हट्ट धरू नये, पडद्यावरचे चेहरे त्यांना गोंधळात टाकतात. तो फोन आईला करावा आणि तिला बोलू द्यावे.

अडचणीत ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस 14416. सांभाळणाऱ्यानेही स्वतःसाठी हा दुसरा क्रमांक लावायला संकोच करू नये. केरळमध्ये 1992 साली स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या अनेक शहरांत शाखा आहेत, त्यांच्याकडून माहिती मिळू शकते.

आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्या सभासदांनी आपले नाव, सोयीचा वार आणि वेळ कार्यकारिणीकडे कळवावी. धार आणि देवासची यादी वेगळी ठेवू. ज्या घरांना कोणी यायला हवे आहे त्यांनी थेट कळवले तरी चालेल, किंवा शेजाऱ्यांनी त्यांना आधी विचारून कळवावे. नावे जाहीर केली जाणार नाहीत.